सही कोण तपासणार? क्वांटम मानके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
क्वांटम संदेशवहनाची मानके, चाचण्यांचे निकष आणि खरेदीच्या अटी लिहिणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय : संदेशाचे प्रमाणीकरण आणि डिजिटल सही यांना मसुद्यात स्वतंत्र जागा देण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

क्वांटम किल्लीवाटप, म्हणजे क्यूकेडी, ही फोटॉन (प्रकाशकण) पाठवून दोन टोकांना एकच गुप्त किल्ली मिळवून देणारी पद्धत. तिच्या मसुद्यांत सुरुवातीलाच एक वाक्य हमखास भेटते : ‘दोन्ही टोकांमध्ये प्रमाणीकृत सार्वजनिक वाहिनी उपलब्ध आहे, असे गृहीत धरले आहे.’ त्यानंतर मसुदा फोटॉन, डिटेक्टर, फायबरमधली घट यांकडे वळतो. ती वाहिनी प्रमाणीकृत केली (पलीकडून बोलणारा तोच आहे याची खात्री दिली) कोणी, कशी, कोणत्या किल्लीने, हे पुन्हा कोणी विचारत नाही. माझ्या मते नेमके इथेच पाणी मुरते आहे. त्यात आता ‘क्वांटम डिजिटल सही’ हे नावही प्रस्तावांत आणि माहितीपत्रकांत दिसू लागले आहे, म्हणून हे पत्र.

मी सॉफ्टवेअरवरच्या सह्या तपासणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. प्रकाशकण मोजणे हा माझा प्रांत नाही. खोटा संदेश खरा म्हणून खपला की पुढचे निस्तरणे, हा आहे. पत्रात कुठे तक्रारीचा सूर लागला तर तो धंद्याचा दोष समजावा.

आधी त्या गृहीतकाकडे बघू. बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ साली मांडलेल्या बीबी८४ पद्धतीत फोटॉन पाठवून झाले की दोन्ही बाजू उघडपणे बोलतात : कोणता फोटॉन कोणत्या आधाराने (मोजणीच्या कोणत्या पद्धतीने) मोजला, कोणते बिट ठेवायचे, चुका किती आल्या. मध्ये कोणी फोटॉन चाळले असतील तर चुकांचे प्रमाण वाढते आणि चोरी कळते. सगळा भरवसा या उघड बोलण्यावर आहे. आता समजा मधल्या माणसाने फायबरही ताब्यात घेतले आणि ही उघड वाहिनीही. तो एका बाजूशी अख्खी बीबी८४ नीट पार पाडतो, दुसऱ्या बाजूशी वेगळी पार पाडतो. दोन्हीकडे चुका नेहमीइतक्याच, दोन्हीकडे उत्तम किल्ल्या तयार, आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात. भौतिकशास्त्राचा एकही नियम मोडला गेला नाही, एकाही फोटॉनची नक्कल झाली नाही. ‘निसर्गाच्या नियमांनी दिलेली सुरक्षा’ अशी जी ओळ माहितीपत्रकांवर असते ती इथे काहीच कामाची नाही, कारण समोर कोण आहे हे निसर्ग सांगत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. तो जुना आहे आणि पक्का आहे. वेगमन आणि कार्टर यांनी १९८१ साली दाखवले की दोघांकडे आधीपासून एक छोटी गुप्त किल्ली असेल, तर मोठ्या संदेशावरही असा टॅग (खरेपणाची खूण म्हणून जोडलेली संख्या) लावता येतो की हल्लेखोराकडे कितीही ताकदीचा संगणक असला तरी त्याच्या हाती फक्त अंदाज उरतो. टॅगची लांबी वाढवत गेलो की अंदाज बरोबर येण्याची शक्यता घातांकाने घटते, आणि संदेश वाढला तरी किल्ली फार लांबवावी लागत नाही. या हिशेबात कुठलेही अवघड गणिती कोडे गृहीत धरलेले नाही. गंमत म्हणजे याच घराण्यातले गणित तुमच्या-माझ्या फोनमध्ये दिवसभर चालू असते. जीसीएम आणि पॉली१३०५ हे त्याचेच रोजच्या वापरातले अवतार. फरक इतकाच की तिथे टॅगवरचे गुप्त आवरण एईएस किंवा चाचा२० या एन्क्रिप्शनच्या पद्धतींकडून येते, म्हणून सुरक्षा शेवटी संगणकीय कष्टांवर टेकते.

मग घोडे अडते कुठे? त्या पहिल्या छोट्या किल्लीपाशी. क्यूकेडी शून्यातून किल्ली निर्माण करत नाही, असलेल्या किल्लीची वाढ करते. पहिली किल्ली कोणीतरी हाताने पोचवावी लागते, किंवा पहिल्या भेटीपुरती दुसरी कुठली तरी सही वापरावी लागते. यातल्या दुसऱ्या मार्गाची बाजू मी घेईन, कारण त्यात एक खरीखुरी सोय आहे जी मसुद्यांत क्वचितच सांगितलेली असते. पहिल्या सत्रात वापरलेली सही त्या सत्रापुरती टिकली तरी पुरते. ती दहा वर्षांनी कोणी फोडली, तरी त्या दिवशी तयार झालेल्या किल्लीला धक्का लागत नाही. एन्क्रिप्शनच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. तिथे आज साठवलेला मजकूर दहा वर्षांनी उघडता येतो.

दुसरी अडचण किरकोळ वाटते, पण माझ्या लेखी मोठी आहे. प्रत्येक सत्राच्या प्रमाणीकरणात साठ्यातली थोडी किल्ली खर्च होते, आणि सत्र यशस्वी झाले की नवी भरपूर जमा होते. हल्लेखोराने काही न चोरता फक्त फायबरमध्ये गोंधळ घातला तर? चुका वाढतात, सत्र रद्द होते, नवी किल्ली मिळत नाही, आणि जुनी मात्र खर्च झालेली असते. हे तो करतच राहिला की साठा आटतो. साठा संपल्यावर यंत्र काय करते, हे आपल्या मसुद्यात लिहिलेले असायला हवे. गप्प बसते? माणसाला हाक मारते? की कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डवर परत जाते? तिसरा पर्याय कोणी मुद्दाम लिहिणार नाही. तो आपोआप घडतो, कारण पहिले दोन कोणी लिहिलेले नसतात.

इथवर मी टॅगबद्दल बोललो, सहीबद्दल नाही. प्रस्तावांत हे दोन्ही एकाच वाक्यात ‘सुरक्षित प्रमाणीकरण’ म्हणून उरकले जातात. ते वेगळे ठेवावेत ही माझी या पत्रातली मुख्य विनंती आहे. टॅग लावणारा आणि तपासणारा यांच्याकडे एकच किल्ली असते. त्यामुळे आलेला संदेश माझ्या जोडीदाराचाच आहे हे मला कळते, पण ते तिसऱ्याला सिद्ध करून दाखवता येत नाही. तिसरा म्हणेल, किल्ली तुमच्याकडेही होती, टॅग तुम्हीच लावला नसेल कशावरून? आणि त्याचे बरोबर आहे. सहीकडून आपल्याला याहून जास्त हवे असते. दुसऱ्या कोणाला ती बनवता येऊ नये, केलेल्याला नंतर हात वर करता येऊ नयेत, आणि एकाने मान्य केलेली सही पुढच्याकडे दिली तर त्यानेही ती मान्य करावी. दोन माणसांमध्ये टॅग पुरतो. वाद उभा राहण्याची शक्यता आली, की तो पुरत नाही.

डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडलेली सार्वजनिक किल्लीची कल्पना इथेच इतकी जबरदस्त ठरली. सही खासगी किल्लीने करायची, तपासणी सार्वजनिक किल्लीने. तपासणारा कोण असेल, कधी तपासेल, हे सही करताना माहीत असण्याची गरजच नाही. आज सही झालेला कार्यक्रम पंधरा वर्षांनी एखादे यंत्र तपासते, जे सही होत असताना बनलेलेही नव्हते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ती सोय आहे हेच आपण विसरलो. १९९४ साली शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसए आणि लंबवर्तुळी वक्रांवरच्या सह्या मोडू शकतो, तेव्हापासून या सोयीला पर्याय शोधणे चालू आहे. तो संगणक किती दूर आहे यावर पैजा लागतात. मी एवढेच नोंदवतो, की २०४८ बिटांची आरएसए मोडायला गिडनी आणि एकेरा यांचा २०१९ मधला अंदाज २ कोटी सदोष क्यूबिट (क्वांटम संगणकाचे मूळ घटक) आणि ८ तास असा होता, आणि गिडनी यांनीच २०२५ मध्ये तो १० लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ यावर आणला. यंत्र मोठे होत जाते तसतशी गरजही लहान होत जाते आहे.

आता क्वांटम सहीकडे येतो. तिला मी कमी लेखत नाही, हे पुढच्या परिच्छेदांवरून दिसेल.

गॉट्समन आणि चुआंग यांनी २००१ साली पहिला आराखडा दिला. त्याची आजी म्हणजे लॅम्पोर्ट यांची १९७९ ची एकदाच वापरायची सही. लॅम्पोर्ट यांच्या पद्धतीत प्रत्येक बिटासाठी दोन गुप्त संख्या निवडायच्या, त्यांचे हॅश (ज्यांवरून मूळ संख्या काढता येऊ नये असे ठसे) आधीच जाहीर करायचे, आणि सही करताना दोनपैकी एक संख्या उघड करायची. गॉट्समन आणि चुआंग यांनी हॅशच्या जागी क्वांटम अवस्था (फोटॉनसारख्या कणांच्या स्थिती) ठेवल्या. अवस्थेतून तिचे पूर्ण वर्णन काढता येत नाही, ही अट हॅशसारखी नुसती मानलेली नाही, सिद्ध झालेली आहे. पण किंमत पडली. सार्वजनिक किल्लीच आता क्वांटम अवस्था झाली, ती सही येईपर्यंत क्वांटम स्मृतीत जपून ठेवायची, आणि तिच्या प्रती मोजक्याच वाटायच्या, कारण प्रती जास्त झाल्या की त्या एकत्र करून वर्णन काढता येते. ‘सार्वजनिक’ या गोष्टीला पहिला तडा इथे गेला.

स्मृतीची अडचण पुढे दूर झाली. एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या गटाने २०१२ साली लेझरच्या क्षीण स्पंदांनी पहिला प्रयोग केला. डुंज्को, वॉल्डन आणि अँडरसन यांनी २०१४ मध्ये क्वांटम स्मृतीशिवाय चालणारी पद्धत दिली. तिच्यावरून पुढे निघालेली एक सोपी पद्धत कशी चालते हे थोडे सविस्तर सांगतो, कारण मानक लिहिताना ज्या खाचाखोचा नोंदवायला हव्यात त्या सगळ्या इथे आहेत.

या विषयातल्या प्रथेप्रमाणे अ‍ॅलिस, बॉब आणि चार्ली घेऊ. अ‍ॅलिसला पुढे केव्हातरी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढा एकच बिट सही करून पाठवायचा आहे. वाटपाच्या वेळी ती ‘हो’साठी एक आणि ‘नाही’साठी एक अशा क्वांटम अवस्थांच्या दोन लांबलचक माळा बॉबला पाठवते आणि चार्लीलाही. दोघे त्या तिथल्या तिथे मोजतात. मोजणीतून पूर्ण माहिती मिळतच नाही. बऱ्याच जागी ‘इथे अमुक अवस्था नव्हती’ एवढेच कळते. मग बॉब आणि चार्ली आपापल्या नोंदींपैकी यदृच्छेने निवडलेली निम्मी नोंद एकमेकांना गुपचूप देतात. अ‍ॅलिसला ही अदलाबदल दिसत नाही. आता प्रत्येकाकडे निम्मे स्वतःचे आणि निम्मे दुसऱ्याचे आहे.

महिन्याभराने अ‍ॅलिस बिट पाठवते आणि सोबत त्या माळेचे पूर्ण वर्णन. बॉब ते आपल्या नोंदींशी ताडून बघतो. फायबरमध्ये चुका होणारच, म्हणून काही जागी तफावत चालते, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत. पुढे तो तोच संदेश चार्लीला दाखवतो. चार्लीही ताडतो, मात्र त्याची मर्यादा बॉबपेक्षा सैल ठेवलेली असते. सगळी कला या दोन मर्यादांमध्ये आहे. मर्यादा एकच असती तर अ‍ॅलिसने मुद्दाम इतक्याच चुका घातल्या असत्या की बॉब काठावर पास व्हावा आणि चार्ली काठावर नापास. मग ती हात वर करायला मोकळी. नोंदींची अदलाबदल गुप्त असल्यामुळे तिला चुका एकाकडे जास्त आणि दुसऱ्याकडे कमी अशा झुकवता येत नाहीत, आणि दोन मर्यादांमधले अंतर इतके ठेवलेले असते की निव्वळ नशिबाने ते ओलांडण्याची शक्यता माळेच्या लांबीबरोबर झपाट्याने नाहीशी होत जाते. उलट बॉबला खोटी सही करायची असेल तर चार्लीने स्वतःपाशी ठेवलेले निम्मे त्याला ठाऊक नाही. अंदाज करावा लागतो, आणि अंदाजात होणाऱ्या चुका चार्लीच्या सैल मर्यादेतही बसत नाहीत.

ही रचना मला मनापासून आवडते. अर्धवट माहिती हा सहसा क्वांटम मोजणीचा दोष मानतात, इथे ती दोन्ही बाजूंच्या फसवणुकीला एकदमच लगाम घालते. पण आवडली म्हणून तिच्या अटी विसरता येत नाहीत. बॉब आणि चार्ली यांच्यामध्ये गुप्त वाहिनी हवी. सगळ्या उघड संभाषणाला प्रमाणीकरण हवे, म्हणजे ज्या गृहीतकापासून आपण निघालो ते इथे तीन जोड्यांमध्ये पसरले. तिघांपैकी फार तर एकच जण लबाड असावा. अ‍ॅलिस आणि चार्ली संगनमत करून बसले तर बॉबच्या बाजूने मत देणारा कोणी उरत नाही, कारण वाद झालाच तर निकाल बहुमताने लागायचा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, वाटपाच्या वेळी जो हजर नव्हता त्याला ही सही कधीच तपासता येत नाही. नंतर आलेल्या चौथ्या माणसाने बॉब आणि चार्ली यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पंधरा वर्षांनी बनणाऱ्या यंत्राने तर विचारूच नये.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. अमीरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये क्यूकेडीच्याच उपकरणांवर चालणारी, पण वाहिनी सुरक्षित आहे असे न मानणारी पद्धत दिली. तिच्यातली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते : गुप्त किल्ली काढण्यासाठी जेवढी स्वच्छ वाहिनी लागते त्याहून गोंगाटाची वाहिनीही सहीला चालू शकते. म्हणजे क्यूकेडीला अपयश येईल अशा काही फायबरवर सही तरीही शक्य आहे. २०१७ मध्ये १०२ किलोमीटर फायबरवर प्रयोग झाला. तरी अडचण उरलीच होती, एकेक बिट सही करण्याची. लांब संदेशाचे बिट सुटे सुटे सही केले तर कोणीही त्यातले काही गाळून, उरलेल्यांचा क्रम बदलून वेगळाच संदेश उभा करेल, आणि प्रत्येक बिटावरची सही मात्र खरी असेल. ते टाळायला बांधणी करावी लागते आणि खर्च वाढतो. अलीकडच्या पद्धतींत हा प्रश्न वेगमन आणि कार्टर यांच्याच वाटेने सोडवला आहे. अ‍ॅलिसची किल्ली बॉब आणि चार्लीच्या किल्ल्यांच्या बेरजेइतकी ठेवायची, एकदाच वापरायचे हॅश फलन यदृच्छेने निवडायचे, आणि अख्ख्या संदेशाचा हॅश त्या किल्लीने झाकून पाठवायचा. बॉबला एकट्याला तपासता येत नाही. चार्लीशी किल्ली जुळवली की दोघांनाही येते. २०२३ मध्ये यावर जाळ्याचा प्रयोगही प्रसिद्ध झाला.

इथे एक खोचक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपल्या बैठकीत कोणीतरी विचारावा. जोड्याजोड्यांमध्ये गुप्त किल्ल्या एकदा मिळाल्या, की संगणकीय गृहीतकांविना चालणारी सही करायला पुढे काहीच क्वांटम लागत नाही. चॉम आणि रॉयाकर्स यांनी १९९० मध्येच तशी सही दाखवली होती. म्हणजे ‘क्वांटम सही’ म्हणून जे विकले जाईल त्यातला क्वांटम भाग पुष्कळदा किल्ली पुरवण्यापुरता असेल आणि सहीचा भाग साधे सॉफ्टवेअर असेल. त्यात वाईट काही नाही. पण मग प्रमाणपत्र देताना दोन्हीची चाचणी वेगळी व्हायला हवी, आणि ते सॉफ्टवेअर तपासायला प्रकाशशास्त्रज्ञ बसवून चालणार नाही.

जाता जाता, ‘क्वांटम संदेशावर सही’ असे शब्द काही आराखड्यांत आहेत. ते काढून टाका. बार्नम, क्रेपो, गॉट्समन, स्मिथ आणि टॅप यांनी २००२ मध्ये सिद्ध केले आहे की अज्ञात क्वांटम अवस्थेवर सही करणे शक्यच नाही. तिचे प्रमाणीकरण करायचे तर ती झाकावीच लागते, आणि जो ती वाचू शकतो तो बदलूही शकतो. आपण बोलतो आहोत ते साध्या, बिटांच्या संदेशावरच्या सहीबद्दल.

क्वांटम सहीला योग्य जागा नाही असे माझे म्हणणे नाही. सभासद मोजके, एकमेकांना ओळखणारे, फायबरने आधीच जोडलेले, आणि आपसात थोडा अविश्वास असलेले, अशा वर्तुळात ती शोभते : आपसात देणीघेणी मिटवणाऱ्या वित्तसंस्था, वीजजाळ्यांची नियंत्रण केंद्रे, एकमेकांना आदेश देणारी माहिती केंद्रे. तिथे तपासणारे आधीच ठरलेले असतात, वादाचा निवाडा करणारी व्यवस्थाही असते. सभासद वाढले की मात्र जोड्या वर्गाच्या हिशेबाने वाढतात. १० सभासदांच्या ४५ जोड्या, १०० सभासदांच्या ४,९५०. प्रत्येक जोडीला किल्ली हवी.

उघड्या जगासाठी, जिथे तपासणारा अनोळखी असतो, उत्तर आज तरी वेगळे आहे आणि ते हातात आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी क्वांटम संगणकालाही तोंड देतील अशा सह्यांची दोन मानके प्रसिद्ध केली : जाळकांच्या (लॅटिस, म्हणजे बिंदूंच्या नियमित मांडणीच्या) गणितावरची एमएल-डीएसए आणि निव्वळ हॅशवर उभी असलेली एसएलएच-डीएसए. त्यांचा त्रास आकाराचा आहे. आजच्या लंबवर्तुळी सहीला ६४ बाइट लागतात, एमएल-डीएसएच्या मधल्या पातळीला ३,३०९, आणि एसएलएच-डीएसएच्या सगळ्यांत लहान प्रकाराला ७,८५६. सही जड झाली की छोट्या उपकरणांची आणि संथ जोडण्यांची गैरसोय होते, हे खरेच आहे. पण हा त्रास अभियांत्रिकीचा आहे, तो सोडवता येतो.

‘गणितावरचा विश्वास कधीही कोसळू शकतो’ हा क्यूकेडीवाल्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. एनआयएसटीच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचलेली रेनबो ही सही २०२२ मध्ये वॉर्ड ब्यूलन्स यांनी एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारच्या सुट्टीत फुटेल इतकी कमकुवत असल्याचे दाखवले. मात्र या उदाहरणावरून सगळ्याच गणिती सह्यांना एका मापाने मोजू नये. रेनबो एका खास रचनेवर उभी होती. हॅशवरच्या सहीला लागते ती फक्त चांगल्या हॅशची ताकद, आणि त्यावर ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या क्वांटम शोधरीतीचा परिणाम एवढाच, की हॅश मोठा घ्यावा लागतो. ज्यांना कमीत कमी गृहीतके हवीत त्यांनी आधी इकडे बघावे. हे सोडून प्रयोगशाळेतल्या सहीची वाट बघणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे.

वाट बघण्याचे समर्थन मी अनेकदा ऐकतो : एन्क्रिप्शन तातडीचे, कारण आजचा मजकूर उद्या फुटेल; सही मागाहून बदलता येईल, कारण उद्या बनवलेली खोटी सही कालच्या व्यवहाराला लागू होत नाही. वेबवरच्या रोजच्या जोडणीला हे लागू पडते. पण यंत्र सुरू होताना फर्मवेअर (यंत्रातच भरलेले मूळ सॉफ्टवेअर) तपासणारी किल्ली चिपमध्ये कायमची कोरलेली असते, ती मागाहून बदलायची कशी? उपग्रह, वाहने, वैद्यकीय उपकरणे यांचे आयुष्य मानकांच्या दोन-तीन पिढ्यांहून लांब असते. याच कारणाने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तवार्ता संस्थेने २०२२ मध्ये सॉफ्टवेअर आणि फर्मवेअरवरच्या सह्यांचे स्थलांतर लगेच सुरू करायला सांगितले. आणि उशिराची किंमत एकदा दिसलेली आहे. एमडी५ या हॅशमध्ये टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) घडवता येते हे २००४ मध्ये जाहीर झाले होते. २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम या घातक प्रणालीने याच जातीची कमजोरी वापरून मायक्रोसॉफ्टच्या नावाने चालणारे प्रमाणपत्र बनवले आणि स्वतःला अधिकृत अपडेट म्हणून पुढे केले. एमडी५ कमकुवत आहे हे वर्षानुवर्षे सगळ्यांना माहीत होते.

एकदाच वापरायच्या किल्ल्यांबद्दलही मसुद्यांत शांतताच आहे. हॅशवरच्या एक्सएमएसएस आणि एलएमएस या सह्यांत कितवी किल्ली वापरून झाली ही नोंद ठेवावी लागते. तीच किल्ली दोनदा वापरली गेली की बनावट सहीला वाट मिळते. ही नोंद हरवते कशी? हल्ल्याने क्वचित. सर्व्हर बंद पडतो, कोणीतरी कालची प्रत परत चढवतो, आणि मोजणी एक दिवस मागे जाते. म्हणून एनआयएसटीने २०२० मध्ये या सह्यांसाठी अट घातली की सही हार्डवेअर उपकरणाच्या आतच व्हावी आणि खासगी किल्ली बाहेर काढता येऊ नये. क्वांटम सहीतल्या किल्ल्याही एकदाच वापरायच्या आहेत, आणि त्या तर तिघांकडे तीन ठिकाणी साठवलेल्या. एका ठिकाणची प्रत मागे गेली तर काय, याचे उत्तर प्रयोगाच्या लेखात मागणे अन्यायाचे होईल. मानकात ते मागायलाच हवे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. त्या गृहीतकाच्या वाक्याऐवजी यंत्रणेचे नाव लिहायला लावा : पहिली किल्ली कुठून, किती बिटांची, दर सत्रात किती खर्च, साठा आटल्यावर काय. ‘क्वांटम सही’ म्हणून जो प्रस्ताव येईल त्यात किलोमीटर आणि वेग यांच्या आधी तपासणारे किती, त्यांतले किती लबाड चालतील, नवा तपासणारा कसा सामील होणार, आणि बनावट सही, नाकबुली आणि प्रामाणिक सही नाकारली जाणे या तिन्हींची शक्यता वेगवेगळी किती, हे मागा. तीन आकड्यांच्या जागी एकच गोंडस आकडा दिलेला असेल तर प्रस्ताव परत पाठवा. आणि क्वांटम सहीचा प्रकल्प चालू आहे या सबबीवर कुठल्याही खात्याला हॅशच्या किंवा जाळकांच्या सहीकडे जाणे पुढे ढकलू देऊ नका. दोन्ही एकत्र वापरायला काहीच हरकत नाही, आणि पहिल्या भेटीच्या प्रमाणीकरणाला तर ती जोडी फार चांगली आहे.

शेवटची विनंती समितीच्या रचनेबद्दल आहे. वाद झाल्यावर बहुमताने निकाल, असे एका ओळीत लिहिणे सोपे असते. ते बहुमत कोण घेणार, किती दिवसांत, एका सभासदाच्या नोंदी नष्ट झाल्या असतील तर त्याचे मत धरायचे की नाही, हे कागदपत्रांचे वाद हाताळलेल्या माणसालाच सुचेल. असा एक जण आणि किल्ल्यांचे साठे रोज सांभाळणारा एक जण बैठकीत घ्या. पुढच्या मसुद्यावर हरकती मागवाल तेव्हा वाटप, सही, पडताळणी आणि वाद या चारही टप्प्यांच्या नोंदींचे नमुने सोबत जोडा, म्हणजे आमच्यासारख्यांना ते आपल्या यंत्रणेत घालून, मुद्दाम बिघडवून बघता येतील.

कळावे.

आपला,
सह्या तपासणारा एक अभियंता